टेबलाखालचा प्रेक्षक

आचार्य अत्रे यांच्या ‘कवडीचुंबक’मुळे मोलिएर हे नाव मराठी रसिकांना परके राहिलेले नाही. त्याच्या ‘तार्त्युफ’विषयी मात्र आम्ही धर्मगुरू थोडे जपूनच बोलतो. भक्तीचे सोंग घेऊन ऑर्गॉन या सधन गृहस्थाच्या घरात शिरलेला आणि त्याची मालमत्ता व पत्नी या दोहोंवर डोळा ठेवणारा दांभिक, हा त्या सुखात्मिकेचा विषय.

१२ मे १६६४ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात तिचा पहिला प्रयोग झाला आणि चौदाव्या लुईने लगेच जाहीर प्रयोगांना मनाई केली. ५ ऑगस्ट १६६७ रोजी मोलिएरने नाव बदलून ती पॅरिसमध्ये पुन्हा रंगभूमीवर आणली. दुसऱ्याच दिवशी प्रयोग थांबविण्यात आले. ११ ऑगस्टला महागुरुस्वामी पेरेफिक्स यांनी तर ती पाहणे, वाचणे, ऐकणे यांवरही धर्मबहिष्काराची धमकी देऊन बंदी घातली. या सर्वांची दृष्टी तार्त्युफवर खिळलेली होती. त्याच घरात उभ्या असलेल्या क्लेआंतकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही, असे मला वाटते.

क्लेआंत हा ऑर्गॉनचा मेहुणा. कथानक त्याच्यामुळे पुढे सरकत नाही; त्याचा सल्लाही कोणी मानत नाही. तो पाहतो, पारखतो आणि खरी भक्ती व दिखाऊ भक्ती यांतील भेद शांतपणे सांगतो. प्रेक्षकाला जे म्हणावेसे वाटते, ते त्याच्या मुखातून येते. १६६९च्या प्रस्तावनेत मोलिएरने आपला बचाव करताना, ढोंग्यासमोर आपण एक खरा सज्जन उभा केला आहे, याकडेच बोट दाखविले. अखेर तार्त्युफला अटक होते आणि ऑर्गॉन त्याला शिव्याशाप देऊ लागतो. तेव्हा क्लेआंत त्याला आवरतो व त्या पाप्याचे मनपरिवर्तन होवो, अशी इच्छा बोलून दाखवितो. उपासकाळातल्या प्रवचनात शोभावा असा हा विचार! बंदी घालणाऱ्यांना तो विनोदी नाटकात सापडेल असे वाटलेच नसावे.

याहून मूक साक्षीदार आहे फ्लिपोत, घरच्या वृद्ध मातेची दासी. पहिल्या प्रवेशात ती एक शब्दही बोलत नाही. धर्माभिमानी मालकीण सर्वांना उपदेशाचे डोस पाजते आणि जाताजाता या गरीब मुलीच्या थोबाडीत मारते. सभागृह हसते, पण त्या घरातील धार्मिकतेचे मोल तिथेच कळून चुकते.

तिसरा प्रेक्षक नाइलाजाने झालेला. पत्नीच्या आग्रहाखातर ऑर्गॉन टेबलाखाली लपतो आणि आपला ‘संत’ तिच्याशी कसा वागतो ते ऐकतो. ती खोकून खुणावते, तरी तो बाहेर येत नाही. इतका वेळ तो का थांबला, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. मला वाटते, श्रद्धास्थान ढासळताना मनुष्याला उठवत नाही.

५ फेब्रुवारी १६६९ रोजी नाटकाला अखेर परवानगी मिळाली. टेबलाखाली बसणाऱ्या ऑर्गॉनची भूमिका स्वतः मोलिएर करीत असे.