उंदेरीवरची चाकरी

नवापूरला जून लागला की होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. १ जून ते ३१ जुलै शासनाची मासेमारीबंदी असते. पण बंदी नसती तरी त्या दिवसांत दर्यात जाण्याचे धाडस आमच्याकडचे मुरलेले नाखवेही करणार नाहीत. माणसे ओट्यावर बसून जाळी दुरुस्त करतात, सुकी मासळी खाऊन दिवस काढतात आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. मी इतिहासाचा शिक्षक. नोकरी बोईसरला झाली, बिऱ्हाड नवापूरला. पावसाळ्यातला खवळलेला समुद्र पाहिला की मला दरवेळी एकच प्रश्न पडतो. ज्यांना याच दिवसांत भर समुद्रातल्या खडकावर पहारा करावा लागे, त्या माणसांचे काय होत असेल?

हा प्रश्न मला चिकटला तो वर्गातल्या एका पोराच्या बोलण्यामुळे. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा धडा चालू होता. जंजिऱ्याच्या सिद्दीचे नाव आले आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, सिद्दी म्हणजे तुमचेच ना?" पोरगा खोडकर होता, वाईट नव्हता. मी त्याला रागावलो नाही. पण उत्तर काय द्यावे हे मला त्या दिवशी सुचले नाही, हेही खरे. आपल्यापैकी अनेकांवर असा प्रसंग आला असेल. म्हणून सिद्दीच्या एका लहानशा ठाण्याची हकीकत इथे मांडतो.

सिद्दीचे आरमार सुरतेहून मुंबईला जाताना आमच्या या किनाऱ्यासमोरूनच जात असे. औरंगजेबाच्या दरबारातून त्याला सुरतेच्या महसुलातून पैसा मिळे आणि पावसाळ्यात त्याची जहाजे पुष्कळदा मुंबईत माझगावला आसऱ्याला थांबत. मुंबईच्या तोंडाशी, अलिबागजवळच्या थळ गावासमोर दोन बेटे आहेत. लांबचे खांदेरी, किनाऱ्याजवळचे उंदेरी. ऑगस्ट १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदीचे काम सुरू केले. मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसे आणि चार तोफा घेऊन तिथे उतरला. मुंबईच्या इंग्रजांना हे आपल्या गळ्यालाच हात घातल्यासारखे वाटले. त्यांनी जहाजे पाठवून बेट कोंडण्याचा प्रयत्न केला. सप्टेंबरमध्ये त्यांचा थॉर्प नावाचा अधिकारी बेटावर उतरताना मारला गेला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या चाळीस-पन्नास गलबतांनी नागावच्या बाजूने येऊन इंग्रजांवर हल्ला केला. त्यांचे 'डव्ह' हे गुराब मराठ्यांच्या हाती पडले. केग्विनच्या 'रिव्हेंज' जहाजाने मात्र मोठ्या हिमतीने टिकाव धरला.

या हल्ल्याचे नेतृत्व कोणाकडे होते? दौलतखानाकडे. महाराजांच्या आरमाराचा हा सरदार. धड्यात त्याचे नाव आलेच तर एखाद्या ओळीत येते आणि पुढे सरकते.

इंग्रजांची मोठी जहाजे खांदेरीची रसद का तोडू शकली नाहीत, हे समजायला आमच्या नवापूरचा कोणताही खलाशी पुरेल. वारा पडला की शिडाचे जहाज जागच्या जागी उभे राहते. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यातून आणि खडकांमधून वल्ह्यांवर चालणाऱ्या. त्या रात्रीच्या अंधारात निघत, बेटावर माल उतरवून परत येत आणि सकाळी इंग्रजांना कळे की काल रात्रीही माल पोहोचला. इंग्रजांच्या त्या वेळच्या पत्रव्यवहारात ही कुरकुर वारंवार आढळते. खांदेरी टिकली ती तोफांइतकीच या वल्हे मारणाऱ्यांच्या दंडांवर. त्यांच्यातल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

मग सिद्दी कासिम आरमार घेऊन आला. इंग्रजांना वाटले, आता काम झाले. पण खांदेरी घेऊन ती इंग्रजांच्या हवाली करण्याचा त्याचा मुळीच विचार नव्हता. जानेवारी १६८० मध्ये त्याने शेजारच्या उंदेरीवर माणसे व तोफा उतरवल्या आणि स्वतःची तटबंदी सुरू केली. दौलतखानाने उंदेरीवर मारा केला, त्यात तो जखमी झाला. बेट मात्र सिद्दीकडेच राहिले. इंग्रजांनी शिवाजी महाराजांशी तह केला आणि सिद्दीलाही माझगावला थारा देणे चालू ठेवले. दोन बेटे, मध्ये थोडेसे पाणी, आणि दोन्हीकडून तोफा. एका बाजूला दौलतखान, दुसऱ्या बाजूला सिद्दी कासिम. दोघेही कलमा वाचणारे. त्या मागच्या बाकावरच्या मुलाने आता मला विचारावे, यातला 'तुमचा' कोणता?

सिद्दीची माणसे कोण होती, हेही पाहिले पाहिजे. हबशी म्हणजे अ‍ॅबिसिनिया, आजचा इथिओपिया, आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा इथून आलेले लोक. त्यांतले कित्येक लहानपणीच गुलाम म्हणून विकले गेले. खुद्द मलिक अंबर अनेकदा विकला जाऊन दख्खनमध्ये पोहोचला होता. जंजिऱ्यावर सुरुवातीच्या काळात सरदारी बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे. सरदार मंडळी आपल्यातल्या कर्तबगार माणसाला पुढे करीत. कासिम पुढे याकूतखान झाला तो अशाच रीतीने वर चढून. आणि जंजिऱ्याच्या मुलुखातली बहुसंख्य रयत हिंदू होती. तेव्हा सिद्दी म्हणजे अमुक धर्माची फौज, हे समीकरण त्याच्या स्वतःच्या दारातच मोडते. ही चाकरी होती. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यासाठी लढायचे, हा त्या काळचा दस्तूर दोन्ही बेटांवर सारखाच पाळला गेला.

पण म्हणून सिद्दीची वकिली करायला मी बसलेलो नाही. एप्रिल १६८० मध्ये शिवाजी महाराजांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात संभाजी महाराजांची दोनशेच्या आसपास माणसे रात्रीच्या अंधारात उंदेरीवर उतरली. ती सापडली. सिद्दीने त्यांतल्या ऐंशी जणांची मुंडकी टोपल्यांत भरून माझगावला आणली आणि किनाऱ्यावर खांबांना लावायचा घाट घातला. इंग्रजांनी ते करू दिले नाही. हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. आपल्या माणसांचे म्हणून हे झाकायचे, किंवा परक्यांचे म्हणून हेच तेवढे सांगत बसायचे, या दोन्ही गोष्टी इतिहासाच्या शिक्षकाला शोभत नाहीत. भर पावसात, अनोळखी खडकावर, अंधारात उतरायला ज्यांना धाडले त्या दोनशे जणांचीही चाकरीच होती.

उंदेरी पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे सिद्दीकडे राहिली. १७६० च्या जानेवारीत पेशव्यांच्या सैन्याने ती घेतली आणि तिचे नाव जयदुर्ग ठेवले. नंतर आंग्रे, मग इंग्रज. लष्करी उपयोग संपला तसे बेट ओस पडले. खांदेरीचे नशीब वेगळे. तिथे १८६७ चा दीपस्तंभ आहे, कोळ्यांचा वेताळ आहे, कान्होजी आंग्रे यांचे नाव त्या बेटाला दिले गेले आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत खांदेरी आहे. त्याचा मला आनंदच झाला. त्या सन्मानात दौलतखानाचाही वाटा आहे, हे मी त्या दिवशी घरात मोठ्याने बोलून दाखवले.

उंदेरी मी एकदा पाहिली. थळच्या किनाऱ्यावर होडी ठरवायला गेलो तर नाखवा म्हणाला, "उंदेरीवर कशाला, चाचा? खांदेरीला चला. तिथं देव आहे, बत्ती आहे. उंदेरीवर काय बी नाय." मी हट्ट धरला. भरती साधून त्याने होडी खडकांतून आत घातली. तट शाबूत, आत रान माजलेले. गंजलेल्या तोफा आडव्या पडलेल्या. पाण्याची टाकी पाहिली आणि तिथेच थांबलो. चार महिने होड्या बंद असताना किती माणसे या टाक्यांवर जगायची, ओलसर सरपणावर भाकरी कशी भाजायची, ताप आला तर कोण बघायचे? यातल्या एकानेही आपली आठवण लिहून ठेवलेली नाही. लिहिले ते मुंबईत बसलेल्या इंग्रजांनी, आणि त्यांना जहाजे व तोफा मोजायच्या होत्या.

समोर खांदेरीचा दीपस्तंभ स्पष्ट दिसत होता. इतका जवळ, की पलीकडच्या चुलीचा धूर इकडच्या पहारेकऱ्याला नक्की दिसत असणार. त्यालाही पलीकडे भाकऱ्या भाजताहेत हे कळत असणार.

ओहोटी लागली तसा नाखवा खालून हाका मारू लागला. "चला चाचा, पाणी उतरलं तर होडी अडकंल. मंग रात इथंच काढावी लागंल."