‘ओआर्ट’ आणि ‘वाडी’ : माहीमच्या भूमीतील काही कालबाह्य इंग्रजी शब्द

शब्द कालबाह्य होतो तेव्हा नेमके काय घडते? भाषाभ्यासात आपण झीज, वार्धक्य, मृत्यू अशी जैविक रूपके सहज वापरतो. या रूपकांमुळे शब्दाच्या नाशामागील सामाजिक कारणे मात्र दृष्टिआड होतात. माहीम व त्याच्या दक्षिणेकडील मुंबई बेटाच्या जमिनीशी निगडित असलेले काही मृत इंग्रजी शब्द या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

१६६१च्या विवाहतहाने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आणि १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. जमिनीबरोबर तिची पोर्तुगीज परिभाषाही आली. बागेला पोर्तुगीजांत ‘होर्ता’ म्हणत. त्यावरून नारळीच्या बागेसाठी ‘ओआर्ट’ हा इंग्रजी शब्द घडला. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात तो केवळ पश्चिम हिंदुस्थानातील शब्द म्हणून नोंदला आहे. बांध या अर्थाचा ‘व्हेलार्ड’ हा पोर्तुगीज ‘व्हालादो’वरून, तर ‘बॅटी’ हा आपल्या ‘भाता’वरून आला. हे शब्द इंग्रजी कोशात असले, तरी इंग्लंडच्या भूमीशी त्यांचा काही संबंध नव्हता.

याच कोशातील ‘फोरास’ची नोंद अधिक बोलकी आहे. समुद्र हटवून मिळालेल्या खारपट जमिनींना हे नाव होते. त्याचे मूळ ‘फोरो’, म्हणजे अल्पसा ठरावीक खंड. या जमिनींवर हक्क कोणाचा, कुळाचा की सरकारचा, हा वाद १८५१च्या सहाव्या कायद्याने मिटवण्यात आला. वाद मिटताच शब्दाचे प्रयोजन संपले. कोशकारांच्या काळापर्यंत लोकांनी त्याचे ‘फॉरेस्ट रोड’ करून टाकले होते. पुढे ‘फोरास रोड’ हे नाव राहिले. पण खंडाचा अर्थ पुसला गेला आणि मराठी वाचकाच्या मनात त्या नावाभोवती कामाठीपुऱ्याची बदनाम वस्ती उभी राहिली.

आता याच्या शेजारी ‘वाडी’ हा मराठी शब्द ठेवून पाहावा. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) कुंपण घातलेली शेतजमीन वा बाग आणि शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा समूह असे त्याचे अर्थ सापडतात. पहिल्या अर्थासाठी दिलेल्या प्रतिशब्दांत ‘पिंगल’ हा एक आहे. लहानशा कुंपणबंद जमिनीसाठी असलेला हा शब्द आज इंग्रजी वाचकालाही अपरिचित आहे. म्हणजे जिवंत मराठी शब्द समजून घेण्यासाठी आपण ज्या इंग्रजीचा आधार घेतो, ती इंग्रजीच अनेकदा मृत असते. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य मोल्सवर्थच्या साहाय्याने वाचणाऱ्या विद्यार्थ्याने हे सतत ध्यानात ठेवले पाहिजे.

१८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माहीम पट्ट्यात भूखंड पाडले. १९२५ साली खुल्या झालेल्या माहीम पार्कला १९२७ मध्ये शिवाजी पार्क हे नाव मिळाले. ‘ओआर्ट’ची जागा ‘प्लॉट’ने घेतली. ‘वाडी’ मात्र टिकली. गिरगावातील फणसवाडीत आज फणसाची बाग शोधणे व्यर्थ आहे, पण शब्द चालू आहे. कारण बाग जाऊन चाळी आल्या तेव्हा तो राहणाऱ्यांच्या तोंडी होता. ‘ओआर्ट’ मालकीच्या कागदात होता. कागद बदलताच तो गेला.

तेव्हा शब्दाच्या आयुष्याचे मोजमाप त्याच्या वयावरून करता येत नाही. तो कोणाच्या व्यवहारात होता, हे पाहावे लागते. जुन्या मराठी संहितांतील शब्दांवर ‘अप्रचलित’ असा शिक्का मारून पुढे जाण्याची आपल्या संपादकांची सवय म्हणूनच अपुरी आहे. तो शब्द कोणाकडे होता आणि कोणत्या व्यवहाराबरोबर गेला, याचे उत्तर टीपेत आले, तरच ती टीप साहित्येतिहासाच्या उपयोगी पडेल.