पडून राहण्याचा इतिहास

दिवाळीत मुरुडला गेलो तेव्हा आत्या पलंगावर पडून होती. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिसरी स्टेज. ऑपरेशन झालेलं, केमो संपून सहा महिने झालेले, रिपोर्ट चांगले. तरी घरापासून स्टँडपर्यंत चाललं की दम लागतो म्हणाली. ही बाई चाळीस वर्षं रोज रानात खुरपायला जाणारी, आणि आता तिला स्टँड लांब!

मी काहीतरी बोललो, तर म्हणाली, "तूच म्हनलास की फोनवर, कशाला हात लावू नको म्हनून. मंग म्या काय करावं दिवसभर? भिताडाकडं बघत पडले."

खरं आहे, मीच म्हणालो होतो. डिस्चार्जच्या कागदावर 'विश्रांती' असं लिहिलेलं होतं (हॉस्पिटल एका मोठ्या शहरातलं, नाव राहू दे). किती दिवस ते लिहिलं नव्हतं, आणि आम्हा शहाण्यांपैकी कुणी विचारलंही नाही. पुण्याला परत आल्यावर दोन वीकएंड याच गोष्टीत गेले: आजारी माणसानं पडून राहायचं, हे ठरवलं कुणी?

ठरवलं असं कुणी एकानं नाही. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पलंग हेच औषध होतं. टीबी झाला, पलंग. हार्ट अटॅक आला, सहा-सहा आठवडे पलंग, जेवणही दुसऱ्यानं भरवायचं. १९५२ मध्ये बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाऊन या डॉक्टरांनी अटॅक आलेल्या पेशंटना उचलून चक्क खुर्चीत बसवायला सुरुवात केली. फक्त खुर्चीत हं, चालायचं नाही. तरी त्यावरून केवढा गदारोळ झाला!

मग १९६६ मध्ये अमेरिकेत डलासला एक भारी प्रयोग झाला. विशीतल्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, हे आधी आणि नंतर मोजलं. आकडा सुमारे २७ टक्क्यांनी घसरला. खरी गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी, म्हणजे १९९६ मध्ये, तेच पाच जण शोधून काढले आणि पुन्हा मोजले. तीस वर्षांच्या वयानं त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांच्या पलंगानं केलं होतं. नंतर सहा महिने त्यांच्याकडून बेतानं व्यायाम करून घेतला, तर तीस वर्षांची घसरण भरून निघाली.

हे वाचलं आणि आत्याचे पडून राहिलेले सहा महिने डोळ्यांसमोर आले. आणि ही पोरं विशीतली होती. आत्या एकसष्टची आहे, वर केमो.

व्यायामाच्या बाजूनं पहिला मोठा पुरावा आला तो लंडनच्या बसमधून. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. पगार साधारण सारखे, वस्त्या सारख्या, हवा तीच. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसाला पाच-सातशे पायऱ्या चढणारा. कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झाला तरी दगावण्याचं प्रमाण कमी. (आपल्या बेस्टच्या जुन्या दुमजली बसच्या कंडक्टरांचा असा अभ्यास कुणीतरी करायला हवा होता. २०२३ मध्ये त्यातली शेवटची बसही गेली.)

पण मॉरिसना स्वतःलाच शंका आली: मुळात जाडी माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? म्हणून त्यांनी युनिफॉर्मच्या नोंदी काढल्या आणि पँटच्या कंबरेची मापं पाहिली. ड्रायव्हरांची कंबर भरतीच्या वेळीच मोठी होती! आपलाच कोड असा तपासणारा माणूस मला फार आवडतो. आणि ही शंका लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॅन्सरच्या बाबतीत मात्र पलंग बराच काळ टिकला. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायोमध्ये मेरिल विनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे नर्सिंगमधल्या लोकांनी, स्तनाच्या कॅन्सरची केमो चालू असलेल्या बायकांना व्यायामाच्या सायकलवर बसवलं. आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे. बायका कोसळल्या नाहीत, उलट ताकद वाढली. १९८९ मध्ये ते छापून आलं. डॉक्टरांच्या आधी नर्सला सुचलं, यात मला काही नवल वाटत नाही. पेशंटला बाथरूमपर्यंत धरून नेणारं माणूस तेच असतं.

पुढे मोठे अभ्यास आले. २००५ मध्ये अमेरिकेतल्या जवळपास तीन हजार नर्सेसचा, ज्यांना स्तनाचा कॅन्सर झाला होता. आठवड्याला तीन ते पाच तास चालणाऱ्यांचं मरणाचं प्रमाण बरंच कमी दिसलं. २००६ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं तसंच. पण इथे मॉरिसची कंबर आठवा. चालल्यामुळे त्या जगल्या, की ज्यांची तब्येत मुळात बरी होती त्याच चालू शकल्या? नुसतं बघत बसून हे कळत नाही. चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. आपल्या भाषेत, ए-बी टेस्टिंग.

अशा चिठ्ठ्या टाकायचा एक जगप्रसिद्ध प्रयोग आमच्या घराशेजारीच झाला, आणि मला तो पस्तिशीत कळला. आमच्याकडे कॅन्सर म्हटलं की बार्शी. एकेकाळी मुरुडहून नॅरोगेजनं जायचे लोक. ती लाइन १९११ मध्ये लातूरला पोचली. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी डॉ. नेने यांच्याबरोबर १९८७ पासून ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी चालवली. माणसं दवाखान्यात येत नाहीत म्हणून हे गावोगाव जायचे. मग उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आताचं धाराशिव, १९८२ पर्यंत मुरुडही त्याच जिल्ह्यात) गावांचे ५२ गट पाडून १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा प्रयोग झाला. कुठल्या गटाला कुठली तपासणी, हे चिठ्ठ्यांनी ठरलं. २००९ मध्ये निकाल आला: एचपीव्हीची एकदाच केलेली तपासणीसुद्धा या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. ज्या गटाला नेहमीचीच सेवा मिळाली, त्यावरून पुढे नैतिकतेचा वाद झाला, आणि तो वाद मला रास्त वाटतो. पण जगभरच्या तपासणीच्या धोरणांत आमच्या भागातल्या बायकांचा वाटा आहे आणि आम्हाला पत्ता नाही!

व्यायामासाठी अशा चिठ्ठ्या पडल्या त्या कॅनडा-ऑस्ट्रेलियात, 'चॅलेंज' नावाच्या प्रयोगात. नेमका आत्याचाच कॅन्सर. ऑपरेशन आणि केमो झालेले ८८९ पेशंट. अर्ध्यांना आरोग्याची माहितीपुस्तिका, अर्ध्यांना तीन वर्षं मार्गदर्शकासह व्यायाम. २००९ ला सुरू झालेला, निकाल यायला २०२५ चा जून उजाडला. चालणं कुणी बाटलीत भरून विकत नाही, त्यामुळे यामागे औषध कंपनीचा पैसा नव्हता, सगळं धर्मादाय आणि सरकारी अनुदानावर.

निकाल: पाच वर्षांनी कॅन्सर न उलटता जिवंत असलेले व्यायामवाल्यांत ८०.३ टक्के, पुस्तिकावाल्यांत ७३.९. आठ वर्षांनी हयात ९०.३ आणि ८३.२. कित्येक महागड्या औषधांना एवढा फरक दाखवता येत नाही.

आणि व्यायाम म्हणजे जिम नव्हे. बसून राहिल्यावर शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं ते एक एकक धरलं, तर झपाट्यानं चालणं म्हणजे साधारण चार. आधी जेवढी हालचाल होती त्यावर आठवड्याला दहा एकक-तास वाढवायचे होते. म्हणजे अडीच तास चालणं. बस्स. हां, हाडं-स्नायूंच्या तक्रारी मात्र व्यायामवाल्यांत जास्त, १८.५ टक्के, दुसऱ्या गटात ११.५.

मुंबईच्या टाटा मेमोरियलनंही स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० पेशंटवर योगाचा असाच प्रयोग केला आणि डिसेंबर २०२२ मध्ये निकाल जाहीर केले: कॅन्सर उलटण्याची जोखीम १५ टक्क्यांनी कमी. पण आत्याच्या बाबतीत मी आतड्याच्याच आकड्यांवर भिस्त ठेवली.

हे सगळं घेऊन मी थेट आत्याला फोन करणार होतो. बायको म्हणाली, आधी तिच्या डॉक्टरांना विचार, गेल्या वेळेस स्वतःच डॉक्टर झाला होतास. विचारलं. त्यांनी हिमोग्लोबिन बघितलं आणि पायाच्या बधिरपणाचं विचारलं, कारण केमोनं तळव्यांना मुंग्या येतात आणि माणूस पडतं. मग म्हणाले, चालू द्या की, दहा मिनिटांपासून वाढवा, चप्पल नको, मागून पट्टा असलेलं काहीतरी पायात हवं.

वहिनी रोज संध्याकाळी तिच्याबरोबर जाते. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत, मग स्टँडपर्यंत. परवा फोन केला तर आत्या म्हणाली, गुडघा ठणकायलाय. मी म्हटलं, मग एक दिवस आराम कर.

"परत आराम?" म्हणाली, आणि फोन वहिनीकडे दिला.