सोडलेला डाव, परतलेली पानं

(भोर येथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय गंजिफांचा आहे, पण सुरुवात आम्ही वेल्ह्याकडच्या एका मुलापासून करणार आहोत. हल्ली तालुक्याचं नाव राजगड झालं आहे, तरी आपल्या तोंडी वेल्हंच आहे, म्हणून तसंच म्हणतो. हा मुलगा पुण्यात डिप्लोमाला होता तेव्हा 'हार्थस्टोन' नावाचा ऑनलाइन पत्त्यांचा खेळ खेळायचा. हा खेळ २०१४ मध्ये आला. त्यात रमीसारखे पैसे लावायचे नसतात. आपण पत्ते जमवायचे, त्यातले तीस निवडून आपली गड्डी बांधायची आणि समोरच्या गड्डीशी झुंजवायची. दोनेक वर्षं रात्री जागून त्यानं पत्ते जमवले. मग वडिलांचं आजारपण आलं, तो गावी परतला, भाताची शेती अंगावर पडली आणि खेळ सुटला.

सात-आठ वर्षांनी, पावसाळ्यात, लावणी उरकल्यावर त्यानं पुन्हा लॉगिन केलं. त्याचे सगळे पत्ते जागेवर होते. एकही गेला नव्हता. आणि पहिला डाव तो पाच मिनिटांत हरला. आम्हाला म्हणाला, "सर, पत्ते सगळे माझेच होते, पण डाव माझा नव्हता."

हे वाक्य आमच्या डोक्यात राहिलं, कारण पत्त्यांच्या इतिहासातला एक जुना प्रश्न त्यात आहे. खेळ सुटतो, मधे काळ जातो, मग माणूस परततो. त्या वेळी तो नेमका कशाकडे परततो? पत्त्यांकडे, नियमांकडे, की खेळणाऱ्या माणसांकडे?

आधी त्याच्या डावाचं काय झालं ते समजून घेऊ. जमवायच्या पत्त्यांचा आजचा प्रकार १९९३ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञानं 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ रचला. त्याचे नवे संच निघत गेले तशी अडचण उभी राहिली. जुना खेळाडू पेटी भरून बसलेला आणि नवा रिकाम्या हातानं आलेला, मग डाव जमणार कसा? म्हणून १९९५ पासून एका प्रकारच्या स्पर्धेत फक्त अलीकडचेच संच चालतील असा नियम झाला. 'हार्थस्टोन'नं हीच वाट २०१६ मध्ये धरली. जुने पत्ते जप्त झाले नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा आखाडा ठेवला, आणि तिथं ज्यांनी मधे एक दिवसही सोडला नव्हता असेच लोक बसलेले. आपल्याकडे जुन्या घराच्या भिंतीत शिवराई सापडते ना, तसं आहे हे. नाणं खोटं नसतं, पण दुकानदार घेत नाही.

आता गंजिफांकडे वळू.

पत्ते आपल्याकडे इराण-मध्य आशियाच्या वाटेनं आले. १५२७ मध्ये बाबरानं सिंधमधल्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. त्याला त्या आवडत होत्या आणि त्यानं त्या मागितल्या होत्या. पुढे अबुल फझलनं 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या दरबारातल्या खेळाचं वर्णन केलं आहे. त्यात बारा रंगांचा जुना संच आहे : अश्वपती, गजपती, नरपती असे एकेका रंगाचे राजे. अकबरानं त्यात बदल केले, हेही तिथंच नोंदलं आहे. म्हणजे खेळ चालू असताना नियम बदलण्याची खोड आजच्या कंपन्यांची नव्हे, बादशहांचीही होती.

सर्वत्र पसरला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा मुघल संच. आणि आपल्या मातीत रुजला तो दशावतारी. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, एकूण १२० पानं. पानं गोल. मत्स्याच्या रंगावर मासे, कूर्माच्या रंगावर कासवं, परशुरामाच्या रंगावर परशू. वाचता न येणाऱ्यालाही रंग ओळखता यावा अशी सोय.

खेळायला तीन जण लागतात. प्रत्येकाला चाळीस पानं येतात. दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्यानं सुरुवात करायची, रात्री मांडला तर ज्याच्याकडे कृष्णाचा राजा त्यानं. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी आणि मध्यरात्री जन्मलेला, तेव्हा हे मनाला पटतंच. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शी लहान. हुकूम नाही. त्यामुळे कापाकापी नाही. कोणत्या रंगातली कोणती मोठी पानं पडून गेली हे ज्याच्या ध्यानात राहील, त्याचा डाव. १२० पानांपैकी पडलेली पानं डोक्यात धरून ठेवायची. विचार करा, कसल्या तयारीची माणसं हा खेळ खेळत असतील!

मग हा खेळ गेला का? "इंग्रज आले आणि आपलं सगळं गेलं" असं एक तयार उत्तर असतं. ते पूर्ण खोटं नाही, पण आम्हाला ते पुरेसं वाटत नाही.

गंजिफा हातानं घडवायची वस्तू. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, घोटायचे, गोल कापायचे, रंगवायचे, लाखेचा हात द्यायचा. असं १२० वेळा. एक पान हरवलं तर संच लंगडा, आणि ते एकच पान पुन्हा करून घ्यायला चिताऱ्याकडे जायचं. उलट एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या कारखान्यांतून छापील गड्ड्या येऊ लागल्या. बावन्न पानं, स्वस्त. एक हरवलं तर नवी गड्डी घ्या. चौघं बसतात, तासाभरात डाव संपतो, उठून कामाला लागता येतं. गंजिफांना लागणारा निवांत वेळ आणि तशी स्मरणशक्ती असलेली आणखी दोन माणसं एकाच गावात मिळणं अवघड होत गेलं.

आणि मराठी माणसानं ही परकी गड्डी नुसती घेतली नाही, तिला घरचं वळण लावलं. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर ही नावं ऐका. मेंढीकोटमध्ये दश्शीला मेंढी म्हणून सगळा डाव तिच्याभोवती फिरवला. तीनशे चारमध्ये राजा-राणीला बाजूला सारून गुलामाला सर्वांत मोठं केलं : गुलामाचे तीस, नव्वीचे वीस, एक्क्याचे अकरा, दश्शीचे दहा, राजाचे तीन, राणीचे दोन. एका रंगाचे शहात्तर, चार रंगांचे तीनशे चार. भोर-वेल्ह्यात आषाढ-श्रावणात पडवीत बसून, बाहेर धो धो पाऊस असताना, हे गुण बोटांवर मोजत किती पिढ्या मोठ्या झाल्या! तेव्हा गंजिफा गेल्या म्हणजे पत्ते खेळण्याची संस्कृती गेली असं नव्हे. ती दुसऱ्या गड्डीवर जाऊन बसली.

गंजिफा मात्र मागे पडल्या. आणि इथून परतण्याची गोष्ट सुरू होते.

विसाव्या शतकात सावंतवाडीत हे काम जाणणारे कारागीर जवळजवळ संपले होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी या कलेला पुन्हा उभं करायचं ठरवलं. पुंडलिक चितारी हे जुन्या पिढीतले वयोवृद्ध कारागीर तेव्हा हयात होते, म्हणून धागा तुटता तुटता वाचला. सत्वशीलादेवी स्वतः ही कला शिकल्या, तरुण चित्रकारांना राजवाड्यात बसवलं. आजही सावंतवाडीच्या राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये गेलात तर कारागीर गंजिफा रंगवताना दिसतात. त्याच सुमारास मुंबईत स्थायिक झालेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी भारतभरच्या गंजिफा गोळा करून त्यांचा अभ्यास केला, आणि १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

हे काम मोठं आहे. त्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकानं एक प्रश्न विचारलाच पाहिजे. पानं परत आली, डाव आला का?

फारसा आला नाही. संच विकत घेतला जातो, चौकटीत लावला जातो, लग्नात भेट दिला जातो. विकत घेणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना रामाच्या राजानं दिवसा सुरुवात होते हे ठाऊक असेल? कारागिरांना यात दोष नाही. त्यांना पोट आहे, आणि भिंतीवर टांगणारं गिऱ्हाईक आहे म्हणूनच कला टिकली.

तुम्हा भोरकरांना हे समजायला लांब जायला नको. भाटघरचं धरण १९२० च्या दशकात पूर्ण झालं, खोऱ्यातली गावं वर सरकली. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की कांबरेश्वराचं मंदिर उघडं पडतं आणि लोक होडीतून, चिखलातून दर्शनाला जातात. मंदिर दरवर्षी परत येतं. पण त्याच्या भोवतीचं गाव, सकाळी पाणी घालायला येणारी म्हातारी, पारावर बसणारी माणसं, ती खाली येत नाहीत. ती वर गेली. आपण जातो, नमस्कार करतो, फोटो काढतो, आणि पाऊस लागायच्या आत परत फिरतो. गंजिफांचं परतणं आम्हाला तसं वाटतं. वास्तू वर आली, वस्ती आली नाही.

ऑनलाइन खेळाचं उलट आहे. तिथं वस्ती अफाट असते, रात्री दोन वाजताही कुणीतरी समोर बसायला तयार. नियम यंत्रच पाळतं, पिसण्यावरून भांडण नाही. पण हातात काही नाही. याच गारफील्ड यांनी रचलेला 'आर्टिफॅक्ट' हा ऑनलाइन खेळ नोव्हेंबर २०१८ मध्ये मोठ्या गाजावाजानं आला आणि मार्च २०२१ मध्ये त्याचं काम कंपनीनं थांबवलं. अडीच वर्षंही नाहीत! उद्या असा एखादा सर्व्हर बंद झाला तर शंभर वर्षांनी फडताळात सापडावं असं त्यातलं काही उरणार नाही. गंजिफांची पानं वाचली आणि डाव हरवला. इथं डाव आहे तोवर सगळं आहे, आणि नाही तेव्हा पानही नाही.

मग वाचवायचं काय? आमचं मत असं की सगळ्यात आधी वाचवावा तो नियम, आणि नियम कागदावर अर्धाच वाचतो. उरलेला अर्धा शिकवणाऱ्या माणसात असतो. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडियारांनी एकोणिसाव्या शतकात एकाहून एक मोठे खेळ रचले, ३६० पानांपर्यंत. डोकं अचाट. पण राजवाड्याबाहेर ते खेळ रुजले नाहीत, कारण ते दुसऱ्याला शिकवणारा माणूस गावोगावी नव्हता. आपला मेंढीकोट कुणी राजानं रचला नाही, कुठल्या कायद्यानं जपला नाही. तो गौरीच्या जागरणात आत्यानं भाचीला शिकवला म्हणून राहिला.

आता तोही धोक्यात आहे, हे आम्ही काळजीनं सांगतो. तीनशे चारचे नियम भोरात वेगळे, महाडात वेगळे, एकाच गावात दोन आळ्यांत वेगळे. ते कुठं लिहिलेले नाहीत. येत्या गणपतीत घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा आणि आपल्या घरी कोणता डाव कसा खेळतात ते लिहून घ्या. भांडण कोणत्या नियमावरून होतं तेही लिहा, कारण खरा नियम तिथंच कळतो. नुसतं लिहून थांबू नका, एक डाव खेळा.

त्या वेल्ह्याच्या मुलाचं राहिलं. त्यानं खेळ पुन्हा सोडला नाही. शेजारच्या घरातला नववीतला मुलगा तोच खेळ खेळत होता. हा त्याच्याजवळ जाऊन बसला, आणि पंधरा वर्षांनी लहान पोरानं त्याला नव्यानं शिकवलं. जुन्या पत्त्यांतले दोन-चार अजून उपयोगाचे निघाले म्हणे.

आमचं बोलणं इथं संपतं. दशावतारी गंजिफांचा एक संच आम्ही बरोबर आणला आहे. ज्यांना शेवटची एसटी गाठायची आहे त्यांनी निघावं. बाकीच्यांपैकी दोघांनी पुढं यावं, तिसरे आम्ही बसतो. बाहेर दिवेलागण झाली आहे, म्हणजे ज्याच्याकडे कृष्णाचा राजा येईल, त्याची सुरुवात.