जॉन मॅडन
जॉन मॅडन (१० एप्रिल, १९३६ – २८ डिसेंबर, २०२१) हे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक व दूरचित्रवाणी समालोचक होते. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांना एकही व्यावसायिक सामना खेळता आला नाही. १९६९ ते १९७८ या काळात त्यांनी ओकलंड रेडर्स संघाला साखळीत १०३ विजय मिळवून दिले. जानेवारी १९७७ मध्ये संघाने सुपर बोल जिंकला. प्रकृतीच्या कारणास्तव वयाच्या ४२ व्या वर्षी प्रशिक्षकपद सोडून ते समालोचनाकडे वळले. पडद्यावरील चित्रावर रेघा ओढून डाव उलगडण्याची त्यांची पद्धत गाजली. गुण मिळविणाऱ्या खेळाडूइतकेच, त्याची वाट मोकळी करणाऱ्या धिप्पाड व सहसा दुर्लक्षित खेळाडूंचेही ते कौतुक करीत. माजी खेळाडू पॅट समरॉल यांच्याबरोबरची त्यांची जोडी वीस वर्षांहून अधिक टिकली. विमानप्रवासाची धास्ती असल्याने ते सामन्यांना बसने जात.