परसबागेतील तणनियंत्रण

परसबागेतील तणनियंत्रण म्हणजे घराच्या परसात, अंगणात किंवा गच्चीवर लावलेल्या भाजीपाल्याच्या वाफ्यांत आपोआप उगवणाऱ्या नको असलेल्या वनस्पतींची वाढ व प्रसार मर्यादित ठेवण्याची कामे होत. तण ही वनस्पतिशास्त्रातील स्वतंत्र वर्गवारी नाही. जेथे जी वनस्पती नको असते तेथे ती तण ठरते. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा म्हणजेच हरळी, आणि तीच वांग्याच्या वाफ्यात शिरल्यास सर्वांत चिवट तणांपैकी एक समजली जाते.

शेतात तणनियंत्रणासाठी कोळपे, ट्रॅक्टर किंवा तणनाशके वापरली जातात. परसबागेचे क्षेत्र लहान असून एकाच वाफ्याच्या आसपास अनेक पिके असतात, त्यामुळे तेथील काम मुख्यतः हाताने व खुरप्याने होते. प्रत्येक तणाची प्रसाराची रीत वेगळी असल्याने एका तणावर लागू पडणारा उपाय दुसऱ्याची वाढ करणारा ठरू शकतो. नियमित खुरपणी करूनही काही बागांत तण वाढतच जाण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

पिकावरील परिणाम

तणे पिकाशी पाणी, अन्नद्रव्ये, सूर्यप्रकाश व जागा यांसाठी स्पर्धा करतात. ही स्पर्धा पिकाच्या संपूर्ण आयुष्यात सारखी नसते. बहुतेक भाज्यांत पेरणी किंवा पुनर्लागवडीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस सर्वाधिक नाजूक असतात. या काळात वाफा स्वच्छ राहिला तर टोमॅटो, वांगी, भेंडी यांसारखी पिके पुढे स्वतःच्या पानांची सावली पाडून तणांना दाबून ठेवतात. कांदा व लसूण यांची पाने अरुंद आणि उभी असल्याने त्यांची सावली जमिनीवर जवळजवळ पडतच नाही, म्हणून या पिकांना निंदणी अधिक काळ द्यावी लागते. गाजराचे बी उगवण्यास दहा ते पंधरा दिवस घेते व तेवढ्या वेळात तण पुढे निघून जाते.

तणांवर मावा, पांढरी माशी यांसारख्या किडी आश्रय घेतात आणि काही विषाणुजन्य रोग तेथून पिकावर येतात. त्यामुळे केवळ वाफा नव्हे, तर कुंपणाची कडही स्वच्छ ठेवणे इष्ट मानले जाते.

जमिनीतील बीजसाठा

उघड्या मातीत दिसणारे तण हे मातीत दडलेल्या बियांचा लहानसा अंश असते. अनेक तणांच्या बिया सुप्तावस्थेत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी १८७९ मध्ये मिशिगन येथे वाळूत मिसळलेल्या तणबियांच्या २० बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून त्यांतील बियांची उगवण तपासली जाते. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतील व्हर्बॅस्कम या वनस्पतीच्या काही बिया १४२ वर्षांनंतरही उगवल्या.

बारीक बियांना उगवण्यासाठी बहुधा प्रकाश लागतो आणि त्या मातीच्या वरच्या काही सेंटिमीटरच्या थरातूनच वर येऊ शकतात. खोल खणल्याने खालच्या बिया प्रकाशात येतात आणि नव्या तणांचा लोंढा उठतो. म्हणून एकदा वाफा तयार झाल्यावर पुढील खुरपणी दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल करू नये.

बीजसाठ्यात भर पडण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत: बागेतच पक्व होऊन गळणारे बी, आणि अर्धवट कुजलेले शेणखत. गुरांच्या पोटातून अनेक तणबिया जिवंत बाहेर पडतात. खताच्या ढिगात ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमान काही दिवस टिकल्यास त्यांतील बहुतेक मरतात, परंतु घरगुती कंपोस्टच्या बादलीत किंवा लहान खड्ड्यात सहसा इतकी उष्णता निर्माण होत नाही. त्यामुळे बी धरलेले तण घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नये. फुलोऱ्यापूर्वी उपटलेले तण मात्र निर्धास्तपणे टाकता येते.

प्रमुख तणे

माठ व काटेमाठ, आघाडा, दुधी, एकदांडी आणि गाजरगवत ही मुख्यतः बियांपासून पसरणारी तणे होत. कोवळ्या अवस्थेत खुरप्याने कापली तरी ती संपतात. यांत गाजरगवताचा उल्लेख वेगळा करावा लागतो. मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेतील हे तण १९५० च्या दशकात पुण्यात आढळल्याची नोंद आहे. आयात धान्याबरोबर ते आले असावे असे मानले जाते. त्याचे एक झाड हजारो बिया देते. त्याच्या संपर्काने त्वचादाह होतो, तर परागकणांमुळे काहींना शिंका व दम्याचा त्रास होतो. म्हणून ते फुलापूर्वी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे.

केना व घोळ या मांसल तणांची अडचण निराळी आहे. केन्याच्या खोडाचा प्रत्येक पेर ओल्या मातीत मूळ धरतो. शिवाय या वनस्पतीला जमिनीखालीही फुले येतात व तेथेच बी तयार होते. घोळ उपटून वाफ्यातच टाकली, तर खोडात साठलेल्या पाण्यावर ती कित्येक दिवस तग धरते, पुन्हा रुजते किंवा पडल्या जागी बी पिकवते. ही तणे खुरपून न ठेवता वेचून वाफ्याबाहेर न्यावी लागतात.

हरळी जमिनीवर धावणाऱ्या आणि जमिनीखालच्या अशा दोन्ही प्रकारच्या खोडांनी पसरते. या भूमिगत खोडांना शेतकरी 'काशा' म्हणतात. कुदळीने तोडलेल्या काशीचा डोळा असलेला प्रत्येक तुकडा नवे रोप ठरतो, त्यामुळे घाईने केलेली खणणी हरळी वाढवते. उन्हाळ्यात वाफा खोल खणून काशा हाताने वेचणे व कडक उन्हात वाळवणे हा जुना आणि आजही सर्वांत खात्रीचा उपाय आहे. त्यानंतर वाफ्याच्या कडेने फरशी किंवा पत्रा उभा गाडल्यास बाहेरच्या हरळीचा शिरकाव लांबतो.

लव्हाळा हे परसबागेतील सर्वांत अवघड तण मानावे लागेल. लेरॉय होम व सहकाऱ्यांच्या १९७७ मधील जगातील उपद्रवी तणांवरील ग्रंथात त्याला पहिले स्थान आहे. त्याचे बी क्वचितच रुजते, सारा प्रसार गाठींनी होतो. मातीत या गाठी बारीक धाग्यांसारख्या खोडांनी माळेप्रमाणे जोडलेल्या असतात. माळेच्या टोकाची गाठ वाढत असेपर्यंत इतर गाठी दबून राहतात. वरचा कोंब उपटला की तो बहुधा तळाशी तुटतो, गाठ मातीत राहते, आणि माळ तुटल्यामुळे दबलेल्या गाठीही फुटतात. एका कोंबाच्या जागी चार कोंब दिसू लागतात ते यामुळे.

तरीही हे फुटणेच लव्हाळ्याची दुबळी बाजू आहे. प्रत्येक फुटीत गाठीतील साठा खर्च होतो आणि नव्या गाठी धरण्यास कोंबाला सुमारे महिनाभर लागतो. त्यापूर्वीच, म्हणजे दर दोन आठवड्यांनी, न चुकता कोंब काढत राहिल्यास गाठी हळूहळू रित्या होतात. मधला एक महिना चुकला तर आधीचे श्रम बव्हंशी वाया जातात. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून अशा वाफ्यात एक हंगाम भोपळा, रताळे किंवा चवळी यांसारखे दाट पसरणारे पीक घेणे उपयुक्त ठरते. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटिमीटर थरात असतात. उन्हाळ्यात कोरडी माती उलटवून त्या उघड्या पाडल्यास वाळून मरतात. औषधी वनस्पती म्हणून तो आयुर्वेदात 'मुस्ता' या नावाने ओळखला जातो.

नियंत्रणाच्या पद्धती

पेरणीपूर्वी वाफा तयार करून त्याला पाणी द्यावे, दहा-बारा दिवसांत उगवलेले तण हलके खुरपून टाकावे आणि मग माती पुन्हा न हलवता पेरणी करावी. या पद्धतीने वरच्या थरातील बियांचा पहिला हप्ता पिकाआधीच संपतो. पेरणी ओळीत केल्यास ओळीबाहेरचे प्रत्येक रोप तण म्हणून ओळखता येते. गाजराच्या ओळीत थोडे मुळ्याचे बी मिसळल्यास तीन-चार दिवसांत मुळा उगवून ओळ दाखवतो.

खुरपणी वाफसा असताना सकाळी करणे सोयीचे असते, कारण मुळे सहज निघतात आणि निघालेले तण दुपारच्या उन्हात वाळते. कोकणातील सततच्या पावसात खुरपलेले तण पुन्हा रुजते, म्हणून तेथे ते उचलून टाकावे लागते.

आच्छादनासाठी पालापाचोळा, भाताचा पेंढा किंवा उसाचे पाचट यांचा पाच ते दहा सेंटिमीटर जाडीचा थर वापरतात. प्रकाश अडल्याने बियांपासून येणारे तण थांबते व ओलावाही टिकतो. पेंढ्यात बी राहिलेले नसावे, आणि रोपाच्या खोडाला आच्छादन चिकटू देऊ नये. लव्हाळ्याचे टोकदार कोंब मात्र प्लॅस्टिकचा कागदही भेदून वर येतात.

मृदा सौरतापन ही पद्धत इस्राएलमध्ये याकोव कातान व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडली. ओल्या मातीवर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरून चार ते सहा आठवडे ठेवले जाते. महाराष्ट्रातील एप्रिल-मे हे महिने यासाठी योग्य आहेत. वरच्या थरातील बिया व काही रोगकारक बुरशी उष्णतेने मरतात, परंतु खोलवरच्या गाठी व काशा वाचतात.

कुंड्यांत तण प्रामुख्याने विकत आणलेल्या मातीतून व खतातून येते. तेथे आंबोशी विशेष त्रास देते. तिच्या पिकलेल्या शेंगा स्पर्शाने फुटून बी शेजारच्या कुंडीपर्यंत उडते.

रासायनिक तणनाशके

परसबागेत तणनाशकांचा वापर योग्य ठरत नाही. २,४-डी या तणनाशकाचा उडालेला अल्पसा अंशही टोमॅटोची पाने मुरडून टाकतो. ग्लायफोसेट हिरव्या वनस्पतींत निवड करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याचे वर्गीकरण 'मानवात संभाव्य कर्करोगजनक' असे केले, तर काही देशांच्या नियामक संस्थांनी या निष्कर्षाशी असहमती दर्शवली. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. घरगुती उपाय म्हणून मीठ टाकण्याची प्रथा अधिक घातक आहे. मिठाने तण मरते, पण मातीही क्षारयुक्त होऊन पिकास निरुपयोगी ठरते.

खाद्य तणे

निंदणीत निघणारी घोळ, चिवळ, कुंजर, केना, टाकळा व माठ यांची कोवळी पाने महाराष्ट्रात भाजी म्हणून खाल्ली जातात. पावसाळ्याच्या सुरुवातीला, लावलेली भाजी हाती येण्यापूर्वी, याच भाज्या घरात येतात. ओळख पक्की असल्याशिवाय, तसेच सांडपाण्याच्या काठची किंवा फवारणी झालेली पाने खाऊ नयेत. धोत्र्यासारखी विषारी रोपेही त्याच वाफ्यात उगवतात. घोळीत ऑक्झॅलेटचे प्रमाण बरेच असल्याने मूतखड्याचा विकार असलेल्यांनी ती बेताने खावी.