रत्नागिरी–गणपतीपुळे सायकल मार्ग
रत्नागिरी ते गणपतीपुळे हे अंतर सायकलने कापण्यासाठी दोन प्रमुख मार्ग आहेत. शिरगाव, आरे, वारे व नेवरे या गावांतून जाणारा किनारी मार्ग सुमारे २५ किलोमीटरचा आहे. आरे-वारे येथील चढावरून खाली अरबी समुद्र दिसतो. पावसाळ्यात तेथील उतार निसरडा होतो. हातखंबा, निवळी व जाकादेवीमार्गे जाणारा दुसरा मार्ग लांबचा असून त्यातील महामार्गावर अवजड वाहनांची वर्दळ असते.

परिसरातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर कच्च्या पायवाटाही आहेत. मात्र काही सड्यांवर कातळशिल्पे कोरलेली आहेत. उक्षी व जांभरुण येथील शिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. जमिनीलगतच्या कातळावरील उथळ रेषा चाकांखाली झिजू शकतात; त्यामुळे मळलेली वाट सोडून सड्यावर सायकल नेणे टाळणे आवश्यक ठरते.